सिएनाच्या चाकाचा आवाज आणि शनिवारचं मखर

शुभदा, मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

मखराची पॅनेल यंदाही आमच्याच टोयोटा सिएना व्हॅनमधून न्यायची ठरली आहेत, पण गाडी आवाज करायला लागली आहे. २००८ चं एलई मॉडेल, १ लाख ८० हजार मैल झालेत. ३५ च्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि ६० ला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ब्रेक दाबला तरी तसाच. आज गॅरेजमध्ये दाखवली. गाडी वर न उचलताच चारही चाकांची बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी) बदला म्हणाले, आणि जो आकडा सांगितला त्यात माझं डोकं फिरलं. मला आवाज पुढच्या उजव्या चाकातून येतो असं वाटतं, ह्यांचं म्हणणं टायरचा आहे.

मिशिगनमधल्या कँटनहून ट्रॉयपर्यंत ही गाडी भरून न्यावी का? आठ फुटी पॅनेल साध्या गाडीत बसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. शुक्रवारपर्यंत ठरायला हवं.

शुभदा

मिलिंद, मंगळवार रात्री

टायर रोटेट, म्हणजे पुढचे मागे आणि मागचे पुढे, कधी केले होते? रबरावर तळहात आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर दातेरी झिजलाय. असा टायर हुबेहूब बेअरिंगसारखा वाजतो. आमच्या अकॉर्डचं बेअरिंग बदलून घेतलं, आवाज जागच्या जागी. टायर बदलल्यावर गेला. आधी टायर बघा, मग बेअरिंगच्या गोष्टी करा.

अविनाशकाका, बुधवार पहाटे

शुभदा, बेअरिंग लगेच टाकून देऊ नकोस. आमच्या पद्मिनी गाडीचं चाक वाजायला लागलं की हब, म्हणजे चाक बसतं तो मधला भाग, उघडायचं, बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं, गोळ्यांवर निळसर डाग नाही ना ते उजेडात धरून पाहायचं आणि तळहातावर ग्रीस घेऊन दाबून भरायचं. पुन्हा कित्येक वर्षं बघायला नको. टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) असताना पिंपरीला आम्ही ट्रकची बेअरिंग अशीच चालवली. हल्ली सगळे पार्ट बदलणारेच, दुरुस्त करणारा कोणी उरला नाही.

आवाज शोधायचा असेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लाव. चाक दुसऱ्याने हाताने फिरवायचं. खराब बेअरिंग लगेच बोलतं.

निखिल, बुधवार दुपारी

शुभदाताई,

लंच ब्रेकमध्ये लिहितोय. माझं रोजचं काम गाड्यांच्या आवाजाचंच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

गाडीत बसून आवाज कुठून येतो ते कानाने ठरवू नका. पत्र्यातून आणि सीटच्या रुळांतून तो भलतीकडेच निघतो. पुढचं चाक वाटतं आणि निघतं मागचं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. त्यापेक्षा एकेक शक्यता काढून टाकत चला.

रस्ता मोकळा असताना ४५ ला गिअर न्यूट्रलला टाका. इंजिनचे फेरे खाली येतील. आवाज तसाच राहून गाडीच्या वेगाबरोबरच उतरत गेला, तर इंजिनचा दोष नाही. मग उरतात टायर, बेअरिंग आणि ब्रेक.

आता वळण. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं आणि उजवीकडे वळताना डाव्या. ज्या वळणावर आवाज वाढतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यायचा. हायवेवर नागमोडी चालवू नका, रॅम्पच्या लांब वळणावर नीट कळतं.

मग रस्ता. २७५ हायवेच्या काँक्रीटवर एक आवाज आणि डांबरी रस्त्यावर निराळा, असं असेल तर मिलिंद म्हणतो तसा टायर. बेअरिंगला खाली काँक्रीट आहे की डांबर, याने फारसा फरक पडत नाही. तुमच्या मापाच्या टायरचं चाक ताशी ६० मैलांना सेकंदाला साधारण १२-१३ वेळा फिरतं. दर फेऱ्याला एक धप्प असेल तर टायरला टेंगूळ किंवा चपटा भाग. तुम्ही सलग घूं लिहिलंय, तो वेगळा. पूर्ण वळवलेल्या चाकावर कटकट आली असती तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, म्हटलं असतं. तेही नाही.

तुमच्या एलईला मागे ड्रम ब्रेक आहेत. पायाचा पार्किंग ब्रेक आपल्याकडच्या मिठाने केबल गंजून पूर्ण सुटत नाही आणि ड्रमच्या आतले शूज (ब्रेकचे गुटके) घासत राहतात. वीस मिनिटं कमीत कमी ब्रेक वापरून चालवा आणि दोन्ही मागच्या ड्रमचं तापमान स्वयंपाकघरातल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. हात लावू नका. एक बाजू दुसरीपेक्षा खूप तापली असेल तर ब्रेक धरतोय.

काका, स्क्रू-ड्रायव्हरची युक्ती अजूनही चालते, मीही वापरतो. पण सिएनाच्या मागच्या हबमधलं बेअरिंग सीलबंद असतं. ते उघडून ग्रीस भरायची सोयच ठेवलेली नाही, अख्खं हब बदलावं लागतं.

एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय का? आणि गाडीत मागे बसणाऱ्यांना विचारा, त्यांना जास्त ऐकू येतो की कमी.

निखिल

अविनाशकाका, बुधवार दुपारी

सोय ठेवलेली नाही, हेच तर मी म्हणतोय. सीलमधून खारं पाणी आत जातं आणि मग सगळंच फेकायचं. या डेट्रॉइट शहराच्या पोटातच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, तेच मीठ रस्त्यावर आणि तेच आपल्या बेअरिंगमध्ये. हिवाळ्यात गाडी खालून धुवा म्हणून मी किती वर्षं सांगतोय.

स्मिता, बुधवार संध्याकाळी

काकांना अनुमोदन. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो तेव्हा दर वर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, असायची. चाक उचलून, हलवून, फिरवून बघायचे आणि बेअरिंग वाजलं तर कागदावर लिहून द्यायचे. मिशिगनमध्ये दर वर्षीची सक्तीची तपासणीच नाही. गाडी खालून किती गंजली आहे हे मालकाला काही मोडेपर्यंत कळत नाही. इकडे आल्यावर मला याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. शुभदा, गाडी वर न उचलता ज्यांनी चार बेअरिंग सांगितली त्यांच्याकडे परत जाऊ नकोस.

मेधा, बुधवार संध्याकाळी

सर्वांना विनंती, बेअरिंगची चर्चा जरूर करा, पण सजावट समितीला न विचारता पॅनेल कशातून जाणार हे ठरवू नका. मला निखिलने आणि संदीपने वेगवेगळे फोन केले. संदीपचा पिकअप उघडा आहे. पॅनेलना कापड लावून झालंय, जरीची किनार डकवली आहे. २०१९ च्या दिवाळीला आकाशकंदील उघड्या ट्रकमधून नेले होते, पुढचं लिहायला नको.

शिरीष, बुधवार रात्री

खजिनदार म्हणून नोंद: बंद ट्रक भाड्याने घ्यायचा झाल्यास दिवसाचं भाडं, शिवाय मैलामागे वेगळे पैसे आणि विमा. अंदाजपत्रकात वाहतुकीसाठी फक्त पेट्रोल धरलंय. ठरवा, पण आधी ठरवा. नंतर पावती पाठवलीत तर मी कुठून देऊ?

शुभदा, बुधवार रात्री

निखिल, तू सांगितलंस तसं सगळं केलं.

न्यूट्रलमध्ये आवाज तसाच, वेग उतरला तसा उतरला. एम-१४ वरून २७५ ला लागताना रॅम्प उजवीकडे वळत जातो, तिथे आवाज एकदम चढला. डावीकडच्या वळणावर बराच कमी. काँक्रीट काय नि डांबर काय, फरक नाही. एबीएसचा दिवा नाही. ड्रम दोन्ही जवळपास सारखेच गरम. आणि ओजस तिसऱ्या रांगेत बसतो, तो म्हणाला हेडफोन लावूनही ऐकू येतो, पायाखाली गुणगुणल्यासारखं. आम्हाला पुढे बसून हे कधी कळलंच नाही.

मिलिंद, तळहात फिरवला. मागचा डावा टायर आतल्या कडेला दातेरी आहेच. मग आता टायर म्हणायचा की बेअरिंग?

मिलिंद, बुधवार रात्री

म्हणूनच म्हटलं टायर बघा. डाव्या बाजूचा पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे लावून चालवा. आवाज पुढे सरकला तर टायर, मागेच राहिला तर बेअरिंग. यात एक पैसा खर्च नाही.

निखिल, गुरुवार रात्री

मिलिंदची सूचना अगदी बरोबर. आज शुभदाताई आणि प्रकाशदादा गाडी घेऊन आमच्याकडे आले होते. लिस्टवर विचारलंय म्हणून लिस्टवरच लिहितो.

आधी टायर पुढे-मागे केले आणि फोर्ड रोडवरून २७५ ला एक फेरी मारली. आवाज तिळमात्र बदलला नाही, मागेच राहिला.

मग पुढच्या चाकांना अडसर लावले, पार्किंग ब्रेक सोडला, गिअर पार्कमध्ये, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, कधीही हात घालायचा नाही. चाक वर-खाली धरून हलवलं, डावी-उजवीकडून हलवलं, दोन्हीत प्ले (ढिलेपणा) नाही. हे चांगलं, म्हणजे बेअरिंग आत्ताच्या आत्ता सुटून येणारं नाही. पण प्ले नाही म्हणजे बेअरिंग ठीक, असंही नाही, आणि बरेच लोक इथेच थांबतात. मी एका हाताने मागची स्प्रिंग धरली आणि प्रकाशदादांनी चाक फिरवलं. उजवीकडे बोटांना काही लागलं नाही. डावीकडे स्प्रिंगच्या वेढ्यातून सरळ खरखर हातात आली, जात्यात खडा आल्यासारखी. काकांचा स्क्रू-ड्रायव्हर हबच्या मागे लावला तेव्हा शंका उरली नाही. शुभदाताईंनीही ऐकलं.

तर: मागचं डावं बेअरिंग. एकच. बाकीची तीन शांत आहेत.

हब मागून चार बोल्टांनी बसवलेलं असतं, शिवाय एबीएसची वायर. नवं बसवणं सोपं, जुनं निघणं अवघड. गंजाने हब मागच्या प्लेटला चिकटून बसतं. बोल्टांवर आज तेल मारून ठेवलंय, पण शुक्रवारी रात्री हे काम मी काढणार नाही. एक बोल्ट तुटला तर शनिवारी गाडीही नाही आणि पॅनेलही नाहीत. रविवारी करू.

आता भरून न्यावी का? माझं उत्तर नाही. पॅनेलचं सगळं वजन मागच्या ॲक्सलवर येणार आणि तिथलंच बेअरिंग गेलेलं. २७५, ६९६, ७५ असा सगळा हायवे आहे, शनिवारी त्यात पाऊस सांगितलाय. घरच्या घरी हळू चालवायला दोन दिवस हरकत नाही.

चाकाचे नट ७६ फूट-पाउंडला, समोरासमोरचे असे क्रमाने आवळलेत. ताई, टायर बदलल्यामुळे पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासा. सैल नटही आवाज करतो आणि तो बेअरिंगपेक्षा वाईट.

निखिल

अविनाशकाका, गुरुवार रात्री

जुनं हब निघालं की टाकू नका, मला द्या. कापून बघायचं आहे पाणी कुठून शिरलं ते. आणि बसवायच्या आधी हब बसतं ती जागा तारेच्या ब्रशने घासून पातळ ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी चिकटणार नाही.

मिलिंद, गुरुवार रात्री

आतल्या कडेचं दातेरी झिजणं बेअरिंगमुळे असेलच असं नाही. हब बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ) करून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच जातील.

संदीप, शुक्रवार सकाळी

मेधावहिनी, माझ्या पिकअपला आता झाकण बसवलंय, मागची फळी पाडली की पॅनेल आडवी बसतात. टोकं थोडी बाहेर राहतील, तिथे लाल कापड बांधतो. खाली रजया, वर ताडपत्री, दोन पट्टे. किनारीला पट्टा लागणार नाही, मध्ये लाकडी पट्टी घालतो. शिरीष, भाडं नको, पेट्रोलचंही नको.

मेधा, शुक्रवार दुपारी

संदीप, झाकण असेल तर माझी हरकत नाही. ताडपत्री स्टोरेजमध्ये समयांच्या खोक्याखाली आहे. कापडाची बाजू आत, एकमेकींकडे तोंड करून. शुभदा, तू समया आणि पाट तुझ्या गाडीतून नको आणूस, मी आणते. तू आणि ओजस आमच्याबरोबर बसा.

शुभदा, शुक्रवार संध्याकाळी

चालेल. एकाच हबची ऑर्डर दिली आहे, रविवारी दहाला निखिलकडे. शिरीष, शनिवारी सातला स्टोरेजचं दार उघडं लागेल. कुलपाचा नंबर बदललाय, तो इथे लिहू नका, संदीपला फोन करा.