रेल्वेचं राज्य मोडलं कोणी? १९११चा कॅलिफोर्निया आणि थेट लोकांच्या हातातला कायदा

खडूफळा

"प्रत्येक गोष्ट लोकांना विचारत बसलं तर राज्य चालायचं कसं?" हे वाक्य परवा एका चर्चेत पुन्हा ऐकलं, म्हणून हा धागा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाचं सरकार बसायचं सॅक्रामेंटोत, पण चालायचं सदर्न पॅसिफिक रेल्वेच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कचेरीतून. विल्यम हेरिन हा कंपनीचा वकील तिचं राजकीय खातंच सांभाळायचा. कोणाला तिकीट द्यायचं, कोणाचा पत्ता कापायचा, यात त्याचा शब्द चालायचा. १९०६चा एक फोटो प्रसिद्ध आहे. सांताक्रूझला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन होतं, त्यानिमित्त एका बड्या घरी मेजवानी. मधोमध ऐटीत बसलाय एब रूफ, सॅन फ्रान्सिस्को महापालिकेचा बिनपदाचा मालक. मागे उभा जेम्स जिलेट, रूफच्या खांद्यावर हात ठेवून. त्याच अधिवेशनात जिलेट गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरला आणि निवडूनही आला. रूफ पुढे लाचखोरीत तुरुंगात गेला. त्या खटल्यांच्या वेळी सरकारी वकील फ्रान्सिस हेनीला १९०८मध्ये भर कोर्टात गोळी घातली गेली. हेनी वाचला, पण खटला पुढे नेणाऱ्यांत नाव झालं ते हायरम जॉन्सनचं.

१९१०च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जॉन्सन मोटारीतून गावोगाव हिंडला. त्याचा विषय एकच, रेल्वेला राजकारणातून हाकला. गंमत म्हणजे त्याचे वडील ग्रोव्ह जॉन्सन हे विधानसभेतले रेल्वेचे खंदे पाठीराखे! पोरगा जिंकला. १० ऑक्टोबर १९११ला २३ घटनादुरुस्त्या लोकांसमोर ठेवल्या गेल्या, त्यातल्या २२ मंजूर झाल्या. ठरावीक सह्या गोळा केल्या की लोक स्वतःच कायद्याचा मसुदा मतदानाला लावू शकतात, विधिमंडळाने केलेला कायदा अडवू शकतात आणि निवडून दिलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवू शकतात. न्यायाधीशालासुद्धा.

माझं मत सरळ आहे. आमदार विकत घेता येतात, सगळा मतदारसंघ विकत घेता येत नाही. रेल्वेची मक्तेदारी मोडली ती या हत्याराने. बोला.

पाटावरवंटा

फोटोचं वर्णन झकास, निष्कर्ष फसवा. रेल्वेला वेसण घातली ती रेल्वे आयोगाने. आधी तीन आयुक्त होते, लोकांनीच निवडून दिलेले, आणि वर्षानुवर्षं रेल्वेच्या खिशात. १९११ला आयोगाला दर ठरवण्याचे खरे अधिकार दिले, सदस्य पाच केले आणि त्यांची निवडणूकच बंद केली. गव्हर्नरने नेमायचे! म्हणजे जनतेवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्या जॉन्सननेच नेमक्या त्या जागी जनतेकडून निवड काढून घेतली. काम झालं ते तिथे. सह्यांच्या कागदांनी मालवाहतुकीचा एक सेंटही कमी केला नाही.

खडूफळा

पाटावरवंटा, तो बदल मंजूर कुठे झाला? त्याच १० ऑक्टोबरला, त्याच मतपत्रिकेवर. आपली निवडणूक फसते आहे हे लोकांनी ओळखलं आणि नेमणुकीच्या बाजूने मत दिलं. यात विसंगती कसली?

पाटावरवंटा

विसंगती अशी की ती मतपत्रिका सह्यांनी आली नव्हती. विधिमंडळाने मंजूर करून पाठवलेल्या दुरुस्त्या होत्या त्या. म्हणजे तुमच्या मोठ्या विजयाच्या दिवशी तुमचं हत्यार अजून म्यानातच होतं. चांगले आमदार निवडून आले, त्यांनी चांगलं काम केलं, लोकांनी शिक्का मारला. यालाच प्रातिनिधिक लोकशाही म्हणतात.

हेमलता_क

दोघेही बाविसातली एक दुरुस्ती विसरलात! बायकांना मताचा हक्क त्याच दिवशी मिळाला. फरक अवघा ३,५८७ मतांचा. सॅन फ्रान्सिस्कोत सपशेल पराभव, लॉस एंजेलिसमध्ये काठावर पास. दुसऱ्या दिवशी तर पेपरांनी प्रस्ताव पडला असंच छापलं होतं. मग शेतीवाडीच्या भागातली, लहान गावांची मतं येत गेली आणि पारडं फिरलं. शहरी, शिकलेली मंडळी पुढारलेली आणि खेडवळ मागासलेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल जरूर बघावा.

आणि हत्यार म्यानात म्हणाल तर शेजारचं ओरेगॉन बघा. तिथे १९०६, १९०८, १९१० अशी तीनदा मागणी आपटली. १९१२ला बायकांचा हक्क पास झाला तो सह्यांच्याच मार्गाने.

तिरकस

ताई, ओरेगॉनचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याच ओरेगॉनात त्याच मार्गाने १९२२मध्ये काय पास झालं, तेही सांगा की. सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच गेलं पाहिजे असा कायदा! रोख उघड होता, कॅथलिक शाळा बंद पाडायच्या. पाठीशी कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झुंडशाही करणारी गुप्त संघटना. काठावरच्या बहुमताने का होईना, पण मंजूर. १९२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून वाचले. ज्या न्यायाधीशांना घरी पाठवायचा अधिकार खडूफळा मागताहेत, त्याच जातीच्या माणसांनी वाचवलं.

आता कॅलिफोर्निया. १९२०मध्ये सह्या करूनच जपानी शेतकऱ्यांविरुद्धचा जमीन कायदा आणखी कडक केला. बाजूने साडेसहा लाखांच्या वर मतं, विरोधात सव्वादोन लाखांच्या आत. १९१३चा कायदा अमेरिकेचे नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी लोकांना जमीन विकत घेऊ देत नव्हता, पण तीन वर्षांच्या खंडाने कसू तरी देत होता. तीही सोय काढून घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर जमीन घ्यायची आणि आईबापांनी पालक म्हणून बघायची, ही पळवाटही बुजवली. यानो नावाच्या शेतकऱ्याने आपल्या लहान मुलीच्या जमिनीसाठी दाद मागितली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२मध्ये पालकत्वाचं ते कलम मोडीत काढलं. पुन्हा न्यायालयच.

आमदार विकत घेता येतात, मान्य. लोकांना विकत घ्यायची गरजच नाही, चिथावलं की पुरतं.

मुक्काम_पोस्ट

+१. शेवटच्या ओळीसाठी टाळ्या.

खडूफळा

टाळ्या जरा थांबवा. तिरकस, १९१३चा मूळ कायदा कोणी केला? विधिमंडळाने. विधानसभेत ७२ विरुद्ध ३, सिनेटमध्ये ३५ विरुद्ध २. अध्यक्ष विल्सननी परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना खास सॅक्रामेंटोला धाडलं, जरा दमानं घ्या म्हणून विनवायला. ऐकलं का? नाही. जॉन्सनने सही ठोकली. मग १९२०ला लोकांनी जे केलं, त्यात पाप फक्त मतपेटीचं? तुमचे ते चांगले आमदार लोकांहून एक तसूभरही शहाणे निघाले नाहीत. उलट तीनचौथाई म्हणजे विधानसभेपेक्षा बरंच म्हणायचं! चारातला एक तरी माणूस विरोधात गेला.

पाटावरवंटा

हा युक्तिवाद म्हणजे शेजारी चोर आहे म्हणून आपली चोरी माफ. आमदाराने केलेला कायदा पुढचा आमदार गुपचूप बदलू शकतो. कॅलिफोर्नियात लोकांनी थेट केलेला कायदा बदलायचा तर पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. तो जमीन कायदा न्यायालयाने १९५२मध्ये निष्प्रभ केला, तरी कागदावरून काढायला १९५६चं मतदान लागलं.

आणि न्यायाधीशांचं म्हणाल तर राष्ट्राध्यक्ष टाफ्ट नेमका यावरच अडून बसला होता. ॲरिझोनाच्या नव्या घटनेत न्यायाधीशांना परत बोलावण्याचं कलम होतं, म्हणून १९११च्या ऑगस्टमध्ये त्याने राज्याचा दर्जा नाकारला. त्यांनी कलम काढलं, फेब्रुवारी १९१२ला राज्य मिळवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलम परत घातलं! चतुराई म्हणून हसू येतं, पण टाफ्टची भीती खोटी नव्हती. ज्याला निकाल देताना खालच्या गर्दीकडे बघावं लागतं तो कसला न्यायाधीश?

हेमलता_क

गर्दी गर्दी काय लावलंय? १९१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पोलीस कोर्टाचा वेलर नावाचा न्यायाधीश याच कलमाने घरी गेला. बलात्काराच्या आरोपीचा जामीन त्याने कमी केला आणि आरोपी पसार झाला. सह्यांसाठी वणवण करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, नुकतंच मत मिळालेल्या. त्याआधी त्या कोर्टाकडे त्यांचं म्हणणं ऐकायला कोणाला वेळ होता?

सिएरावासी

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते, मतदानही करते. प्रत्येक निवडणुकीआधी राज्याकडून जाडजूड पुस्तिका घरी येते. प्रस्तावाचा पूर्ण मजकूर, बाजूचं म्हणणं, विरोधातलं म्हणणं. किराणा दुकानाच्या दारात पॅड धरून उभ्या असलेल्या मुलांना बहुतेक वेळा सहीमागे पैसे मिळतात. प्रस्ताव कशाचा, हे विचारलं तर त्यातल्या बऱ्याच जणांना धड सांगता येत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर. पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर ओरेगॉनने १९३५मध्येच बंदी घातली होती, म्हणजे रोग जुनाच. रेल्वे गेली, बाकीच्या कंपन्या आल्या. तरीही ही सोय काढून टाका म्हणाल तर मी विरोधात मत देईन.

तिरकस

अवांतर, पण सांगतोच. १९२३मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या खटल्यात भारतीय माणूस "गोरा" नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरलं आणि तोच जमीन कायदा दक्षिण कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांच्या मानेवर बसला. थिंडची बाजू लढवणारा वकील लॉस एंजेलिसचा सखाराम गणेश पंडित. त्याचंही नागरिकत्व काढायचा घाट घातला गेला. पठ्ठ्या स्वतःचा खटला लढला आणि जिंकला. मतपेटीत नाही, कोर्टात. खडूफळा, पंडितांना साडेसहा लाख मतांपुढे उभं केलं असतं तर?

खडूफळा

हरले असते. पण तुमच्या त्या ७२ आमदारांपुढेही हरलेच असते, आणि थिंडला हरवणारंही न्यायालयच होतं, ते सोयीस्कर गाळलंत. पाटावरवंटांच्या रेल्वे आयोगाच्या मुद्द्यावर मात्र सविस्तर लिहायचंय. लोकांच्या दबावाशिवाय विधिमंडळाने तो आयोग बदललाच नसता असं माझं म्हणणं आहे. उद्या लिहितो.

पाटावरवंटा

लिहा. दबाव होता १९१०च्या साध्यासुध्या निवडणुकीचा, हे आधीच सांगून ठेवतो.