मदत हवी आहे: अ·ब + ब·अ = ० वरून अ·ब = ० कसं काढायचं?

मंडळी, मॅट्रिक्सच्या एका गणितात अडकलोय, कुणी बघता का प्लीज. अ आणि ब या एकाच साइजच्या चौरस मॅट्रिक्स आहेत, अ² = अ, ब² = ब आणि (अ + ब)² = अ + ब असं दिलंय, तर अ·ब = ० हे सिद्ध करा. ० म्हणजे इथे शून्य मॅट्रिक्स.

मी इथपर्यंत आलोय: वर्ग उघडताना मधे २अ·ब लिहायचं नाही हे माहितीये कारण अ·ब आणि ब·अ सारखेच येतील याची गॅरंटी नसते, म्हणून नीट कंस सोडवला तर अ² + अ·ब + ब·अ + ब² आलं, त्यात अ² च्या जागी अ, ब² च्या जागी ब टाकलं, उजवीकडे अ + ब आहेच, तो दोन्हीकडून वजा केला (बेरीज-वजाबाकीत मॅट्रिक्स साध्या आकड्यांसारख्याच वागतात त्यामुळे इथे लफडं नाही) आणि उरलं अ·ब + ब·अ = ०.

आता पुढे काय? आकडे असते तर २अब = ० आणि विषय संपला असता. पण मला तर उलटंच उदाहरण सापडलंय. ओळी सेमीकोलनने तोडतोय:

अ = [०, १; १, ०]
ब = [१, ०; ०, −१]

अ·ब = [०, −१; १, ०] येतं आणि ब·अ = [०, १; −१, ०]. बेरीज केली की शून्य, पण अ·ब काही शून्य नाही. मग गणितच चुकीचं छापलंय का? मागे उत्तरात नुसतं 'सहज सिद्ध होते' एवढंच दिलंय, ते वाचून डोकं अजून फिरलं.

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे. तुमचे गुणाकारही बरोबर आहेत, पण ते उदाहरण इथे चालणार नाही. त्यातल्या अ चा वर्ग करून बघा, [१, ०; ०, १] म्हणजे आयडेंटिटी (जिने गुणलं तरी काही बदलत नाही ती मॅट्रिक्स) येते, अ येत नाही. ब चंही तेच. दिलेली अटच पाळत नाही ते.

पण त्या उदाहरणाने एक काम केलंय, नुसत्या अ·ब + ब·अ = ० वरून काही निघणार नाही हे दाखवून दिलंय, म्हणजे अ² = अ परत कुठेतरी वापरावंच लागणार. तर तुमच्या शेवटच्या ओळीला डावीकडून अ ने गुणा:

अ·अ·ब + अ·ब·अ = ०, म्हणजे अ·ब + अ·ब·अ = ०

आता त्याच मूळ ओळीला उजवीकडून अ ने गुणा:

अ·ब·अ + ब·अ·अ = ०, म्हणजे अ·ब·अ + ब·अ = ०

एकातून दुसरी वजा केली की अ·ब = ब·अ. हे तुमच्या ओळीत टाका, २अ·ब = ०, झालं. अ·(अ·ब) चं (अ·अ)·ब केलं ते चालतं कारण कंस कुठेही हलवता येतात, क्रम मात्र हलवायचा नाही. गुणायचं तेही दोन्ही बाजूंना एकाच दिशेने, डावीकडून तर डावीकडूनच.

धागाकर्ता

अरे वा, दोन्ही बाजूंनी गुणून बघायचं हे डोक्यातच आलं नव्हतं! थँक्यू. पण आता अजून एक डाउट, अ·ब = ० आलं म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य असणार ना? मग सरळ तसंच का नाही विचारलं?

प्रतिसाद २

नाही ना, तिथेच तर गंमत आहे. अ = [१, ०; ०, ०] आणि ब = [०, ०; ०, १] घ्या. दोघींचे वर्ग त्या स्वतःच, बेरीज आयडेंटिटी, तिचाही वर्ग तीच, आणि अ·ब शून्य. तुमच्या गणितातली प्रत्येक अट पाळली गेली आणि शून्य कुणीच नाही. गणितज्ञ आर्थर केलीने १८५८ च्या त्याच्या मॅट्रिक्सवरच्या निबंधातच हे नोंदवलंय, त्यामुळे नवीन धक्का नाहीये हा :)

म्हणूनच अ·ब = अ·क असलं तरी दोन्हीकडचा अ उडवून ब = क लिहिता येत नाही. अ ला इन्व्हर्स (अ शी गुणल्यावर आयडेंटिटी देणारी मॅट्रिक्स) असेल तरच. आणि या गणितात अ ला इन्व्हर्स असेल तर अ² = अ वरून अ थेट आयडेंटिटीच निघते, मग ब शून्य, म्हणजे मजाच गेली.

शिवाय एरवी अ·ब = ० असलं म्हणून ब·अ = ० होईल असंही नाही. अ = [०, १; ०, ०], ब = [१, ०; ०, ०] करून बघा, एकीकडून शून्य येतं, दुसरीकडून परत अ च येते.

प्रतिसाद ३

थोडा किस काढतो. २अ·ब = ० वरून अ·ब = ० लिहिताना २ ने भागलंय. मॅट्रिक्समधे खरे किंवा कॉम्प्लेक्स आकडे असतील तर काही प्रॉब्लेम नाही, पण १ + १ = ० असलेल्या मॉड्युलो २ च्या गणितात हे विधानच पडतं. तिथे अ आणि ब दोन्ही आयडेंटिटी घ्या, बेरीज शून्य, सगळ्या अटी पास, पण अ·ब आयडेंटिटी. परीक्षेत कुणी विचारणार नाही म्हणा.

धागाकर्ता

बापरे, हे भारी आहे. आता तीच ट्रिक वजाबाकीवर लावून बघितली, कुणी चेक करा. अटी त्याच, फक्त (अ − ब)² = अ − ब. उघडल्यावर अ·ब + ब·अ = २ब आलं. यावेळी ब ने गुणलं, डावीकडून ब·अ·ब + ब·अ = २ब आणि उजवीकडून अ·ब + ब·अ·ब = २ब, म्हणजे परत अ·ब = ब·अ, आणि शेवटी दोन्ही गुणाकार ब च्या बरोबर. असंच ना?

प्रतिसाद १

असंच. अ ने गुणायला गेला असतात तर उजवीकडे २अ·ब आणि २ब·अ येऊन जरा जास्त लिहावं लागलं असतं, ब घेतला ते बरं केलंत.