जुगाऱ्याला शेवटी गोळी घातली म्हणजे सिनेमा जुगाराविरुद्ध होतो का?

उत्तररात्र
'शेवटची रांग' यांनी काल लिहिलं, "जुगारावरचा प्रत्येक चांगला सिनेमा जुगाराविरुद्धच असतो, कारण शेवटी जुगारी मरतो." वाचल्यापासून डोक्यात बसलंय, म्हणून सविस्तर लिहितो. 'अनकट जेम्स' (2019) घ्या. त्यातला जुगारी हॉवर्ड शेवटची पैज जिंकतो. चक्क जिंकतो! मग वसुलीवाला गुंड त्याला गोळी घालतो. मारलं कुणी? गुंडाने. जुगाराने त्याला पैसेच दिले. बघणारा बाहेर पडतो तो "गुंड आडवा आला नसता तर..." असं म्हणत. दोन तास थरार आणि शिक्षा दोन सेकंदांची. माझ्या थोरल्या भावाला कुणी गोळी घातली नाही. तो नऊ वर्षं आमच्याशी खोटं बोलत राहिला, बस.

शेवटची रांग
शेवट सांगून मोकळे झालात, ज्यांनी पाहिला नाही त्यांचं काय? आणि तुम्ही सिनेमा पाहिलात की नुसता शेवट? त्या माणसाला एक क्षण स्वस्थता नाही. खुर्ची घट्ट धरून माझी बोटं दुखायला लागली होती. ते बघून कुणाला पैज लावावीशी वाटेल? गोळी नकोच असेल तर 'ओनिंग मोहॉनी' (2003) बघा. टोरांटोच्या बँकेतला साधा कर्मचारी, खऱ्या घटनेवरचा सिनेमा, बँकेचे एक कोटी डॉलरहून जास्त उडवले. त्याला विचारतात, जुगारातली धुंदी शंभरपैकी किती? शंभर. जुगाराबाहेर आयुष्यात सगळ्यात जास्त मिळालेली? वीस.

शून्याचं घर
रडारड पुरे, गणित बघा. रुलेटच्या चाकावर 37 घरं, अमेरिकेत 38, आणि आकडा लागला तर मिळतात 35 पट. जास्त वेळ बसणारा बुडणारच. 1913 साली माँटे कार्लोच्या कसिनोत रुलेटवर सलग 26 वेळा काळं घर आलं. "आता तरी लाल येणारच" म्हणत लोक लालवर पैसे वाढवत गेले. त्या रात्रीवर सिनेमा काढा! त्याऐवजी काढतात '21' (2008), हुशार पोरं पत्ते मोजून कसिनोला लुटतात.

हुकमी
'21' वर का घसरलात? ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात कुठले पत्ते येऊन गेले ते मोजून खरंच जिंकता येतं, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मुलांनी ते केलंय. पोकरमध्ये तर समोर कसिनो नसतोच, माणसं असतात. तिथे डोकं चालतं. रुलेट आणि पोकर एका माळेत ओवू नका.

शून्याचं घर
समोर माणसं असतात, म्हणजे कुणाचे तरी जातातच ना? 2003 साली क्रिस मनीमेकर हा हिशेबनीस 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. तेव्हा खेळाडू होते 839. पुढच्या वर्षी 2576. 'राउंडर्स' (1998) हा पोकरवरचा सिनेमा बघून किती जण टेबलाशी बसले असतील! पहिल्याच दिवशी बाहेर पडणाऱ्यावर सिनेमा कोण काढतो?

हुकमी
मी अकरा वर्षं खेळतोय. प्रत्येक डाव वहीत लिहिलाय. नफ्यात आहे.

शून्याचं घर
वहीत टेबलाच्या कमिशनचा रकाना आहे? प्रवासाचा? बुडालेल्या पगाराचा?

हुकमी
कमिशनचा आहे. बाकीचे नाहीत. पण वैयक्तिक होण्याची गरज नाही.

उत्तररात्र
पोकरचं तुम्ही दोघं बघून घ्या. मी घरातल्या माणसांबद्दल बोलत होतो. ऋग्वेदातलं जुगाऱ्यावरचं अक्षसूक्त वाचा. सासू द्वेष करते, बायको दूर लोटते. आईबाप, भाऊ म्हणतात, "आम्ही याला ओळखत नाही, न्या याला बांधून." इतक्या जुन्या कवीला जे दिसलं, ते कॅमेऱ्याला का दिसू नये? वसुलीचा फोन आला तेव्हा मी म्हणालो होतो, "या नावाचं इथे कुणी राहत नाही." भाऊ आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं. हा प्रसंग कुठल्या सिनेमात आहे, दाखवा.

शेवटची रांग
नाही दाखवता येत. गोळीबद्दलचं तुमचं म्हणणंही मान्य, ती पळवाट आहे. पण जिंकणं दाखवलं म्हणून सिनेमा खोटा ठरत नाही. 'कॅलिफोर्निया स्प्लिट' (1974) मध्ये दोघे मित्र प्रचंड जिंकतात आणि त्यातल्या एकाला काहीच वाटत नाही. तो घरी जायला निघतो. तो रिकामा चेहरा मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त लागला. भाऊ कसा आहे आता?

उत्तररात्र
'कॅलिफोर्निया स्प्लिट' बघतो. भाऊ म्हणतो, खेळत नाही. पाकीट मी अजून उशाखालीच ठेवतो.