स्वालबार्ड: हिमाखालचा बर्फ कसा मोजायचा?

टुंड्राप्रेमी: स्वालबार्डला (नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं) हिवाळी पावसाने जमिनीलगत बर्फ गोठतो नि रेनडिअरांचा चारा त्याखाली अडकतो. त्याची जाडी मोजायला हिमस्खलनाची प्रोब (हिमात खुपसायची लांब, बारीक सळई) पुरेल का?

खोदकाम: नाही. प्रोब बर्फावर अडते आणि जमीन लागली असं वाटतं. जमिनीपर्यंत खड्डा खणा, तळाचा थर छिन्नीने फोडा, वनस्पती दिसली की पट्टी उभी धरून मिलिमीटरमध्ये जाडी घ्या. हिमाच्या मधोमध सापडलेले बर्फाचे पापुद्रे वेगळे लिहा, तळाच्या आकड्यात मिसळू नका. एकाच खड्ड्यावर तर मुळीच विसंबू नका: खळग्यात थर जाड, शेजारच्या उंचवट्यावर कधी शून्य. जागा आधीच नकाशावर ठरवा, नाहीतर खणायला सोपं तिथेच खणलं जातं.

उत्तरवारा: वितळण सुरू होण्याआधी उरका. नंतर झिरपलेलं पाणी थंड जमिनीवर पुन्हा गोठतं आणि तोही बर्फ पावसाच्या नावावर चढतो.

खोदकाम: बरोबर. आणि खणणाऱ्याची मान खाली असते, म्हणून एक जण फक्त ध्रुवीय अस्वलांवर नजर ठेवायला हवा. त्याला फावडं देऊ नका.

टुंड्राप्रेमी: किनाऱ्यालगतचे कळप?

उत्तरवारा: तिथे बर्फ जाड असला तरी थेट उपासमार धरू नका, चारा गोठला की ते समुद्रशेवाळही खातात.