एचआयव्हीच्या पैशाने गरीब देशांतले नर्स-डॉक्टर वाढले की पळवले गेले?

पल्लवी_पब्लिकहेल्थ

नमस्कार मंडळी, मी पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय आणि सेमिनारसाठी विषय घेतलाय की एचआयव्ही प्रोग्रॅममुळे गरीब देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं काय झालं. देश घेतलाय आफ्रिकेतला मलावी. एड्स, टीबी, मलेरियासाठी पैसा देणारा आंतरराष्ट्रीय ग्लोबल फंड 2002 ला आला, अमेरिकेचा एचआयव्ही मदत कार्यक्रम पेपफार 2003 ला, आणि त्यानंतर आफ्रिकेत एचआयव्हीसाठी एवढा पैसा आला की तेवढा कुठल्याच आजाराला कधी मिळाला नव्हता. पण 2006 च्या डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) रिपोर्टमध्ये 57 देशांत डॉक्टर-नर्सचा गंभीर तुटवडा आहे असं म्हटलंय आणि त्यातले बरेचसे हेच देश. म्हणजे औषधं आली पण द्यायला माणसं कुठून आणली? वाचायला गेलं तर एक गट म्हणतो एनजीओंनी जास्त पगार देऊन सरकारी दवाखाने रिकामे केले, दुसरा म्हणतो याच पैशाने माणसं टिकली. दोन्हीकडे आकडे आहेत, त्यामुळे माझा गोंधळ उडालाय. तिकडे प्रत्यक्ष काम केलेलं इथे कोणी आहे का?

प्रसाद_ब्लांटायर

पल्लवी, मी फार्मासिस्ट म्हणून मलावीत बरीच वर्षं काढली, मिशनच्या हॉस्पिटलात होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पळवापळवी झाली हे खरंच आहे. चांगली हुशार नर्स, वॉर्ड एकटी सांभाळणारी, सहा महिन्यांनी बघावं तर एखाद्या प्रोजेक्टची गाडी घेऊन रिपोर्ट गोळा करत फिरतेय. तिला दोष देता येत नाही, घरी पाच पोरं आणि सरकारी पगारात महिना निघत नाही. शिवाय ट्रेनिंगचा भत्ता. सलीमा, मांगोची इकडे मलावी लेकच्या काठावर हॉटेलं आहेत, तिथे सारख्या वर्कशॉप, आज एचआयव्ही टेस्टिंग, पुढच्या आठवड्यात टीबी-एचआयव्ही, आणि हेल्थ सेंटरवर एक मेडिकल असिस्टंट नि दोन नर्स, त्यातली एक वर्कशॉपला गेली की लसीकरणाची रांग तशीच उन्हात. हे मी बघितलेलं आहे.

पण 2004 ला मलावी सरकारने एक वेगळी गोष्ट केली आणि तुझा सेमिनार खरं तर त्यावरच उभा राहायला हवा. इमर्जन्सी ह्युमन रिसोर्सेस प्रोग्रॅम नावाची सहा वर्षांची योजना, पैसा मुख्यतः ब्रिटनच्या परदेशी मदत खात्याचा, म्हणजे डीएफआयडीचा, आणि ग्लोबल फंडाचा. म्हणजे एचआयव्हीसाठी आलेल्या पैशातला हिस्सा त्यांनी सरळ सरकारी पगारात घातला. डॉक्टर, नर्स, क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले पण तपासून औषध देणारे), लॅबवाले, फार्मसीवाले अशा 11 प्रकारच्या कर्मचाऱ्यांना पगारावर 52 टक्के टॉप-अप, आणि तो एचआयव्हीचं काम करणाऱ्यालाच असं नाही, बाळंतपण करणाऱ्या नर्सलासुद्धा. सोबत ट्रेनिंग कॉलेजांच्या जागा वाढवल्या. या 11 प्रकारांत 2004 ला 5,453 माणसं होती, 2009 ला 8,369 झाली. नर्सेसची इंग्लंडला जायची रांग पण कमी झाली.

आता लोक जे विसरतात ते सांगतो. तिथले आरोग्य कर्मचारी स्वतःच एड्सने मरत होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हॉस्पिटलांतले साधारण शंभरातले दोन कर्मचारी दर वर्षी जात होते. नर्स शिकवून तयार करायला तीन वर्षं आणि ती पस्तिशीत गेली. 2004 ला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू झाली आणि 2006 च्या मध्यापर्यंत हजारावर आरोग्य कर्मचारी स्वतः गोळ्या घेत होते. त्यावर देशभराचा सर्व्हे झालाय, 2007 ला छापून आलाय. त्यांचा हिशोब असा की औषधामुळे किमान 250 कर्मचारी वाचले, आणि ही माणसं कामावर परत आल्याने आठवड्याला जेवढे कामाचे दिवस मिळाले, हजाराच्या वर, तेवढेच दिवस पूर्ण देशात एआरटी द्यायला लागत होते. म्हणजे प्रोग्रॅमने जेवढी माणसं खाल्ली तेवढी परत दिली. हे तुझ्या पहिल्या पानावर टाक.

गावाकडचा_डॉक्टर

प्रसाद यांचं पटलं, पण एक बाजू राहतेय असं वाटतं. नुसती माणसं वाढवून मलावीला जमलं नसतं, काम पण वाटून दिलं. 2004 च्या सुरुवातीला तिथे काही हजार लोक उपचारावर होते, 2010 संपेपर्यंत अडीच लाखांच्या आसपास. लाखाला दोन डॉक्टरसुद्धा धड नाहीत अशा देशात हे कसं झालं? सगळ्यांना औषधांचं एकच ठरलेलं कॉम्बिनेशन, एकच कार्ड, एकच रजिस्टर, आणि गोळ्या सुरू करायचा अधिकार क्लिनिकल ऑफिसरला, मग नर्सला, मेडिकल असिस्टंटला. 2008 ला डब्ल्यूएचओने हे टास्क शिफ्टिंग (काम खालच्या हुद्द्यावर सोपवणं) म्हणून गाइडलाइनमध्ये आणलं पण मलावीवाले आधीच करत होते. 2011 ला तर गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की सीडी4 (प्रतिकारशक्ती किती उरली ते सांगणारी रक्ततपासणी) ची वाट न बघता कायमची गोळी चालू, हे मलावीने जगात पहिल्यांदा केलं, कारण सीडी4 मशीन आणि ते चालवणारा माणूस गावोगाव नाहीच. इथिओपियाने पण अशीच चलाखी दाखवली, नंतर डब्ल्यूएचओचे प्रमुख झालेले टेड्रोस तिथे आरोग्यमंत्री असताना या पैशाचा वापर करून गावपातळीवरच्या तीस हजारांवर हेल्थ एक्स्टेन्शन वर्कर उभ्या केल्या.

माझा आक्षेप इतकाच की काम ज्याच्याकडे सरकवलं, त्याला पगार आणि हुद्दा पण त्या कामाचा मिळायला पाहिजे. नर्सने डॉक्टरचं काम करायचं आणि पगार नर्सचाच, हे फार दिवस टिकत नाही. पल्लवी, तू हा मुद्दा घेच.

मेघना_काउन्सेलर

अगं पल्लवी, मलावीबद्दल मला माहीत नाही, पण मी आयसीटीसीची, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राची, काउन्सेलर आहे, ग्रामीण रुग्णालयात, महाराष्ट्रातच, म्हणून आतली बाजू सांगते. आपल्याकडे मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली, मुंबईत जेजे हॉस्पिटल त्या पहिल्या आठ सेंटरमध्ये होतं, आणि त्यानंतर काउन्सेलर, लॅब टेक्निशियन, डेटा मॅनेजर ही सगळी पदं कंत्राटी भरली गेली. पगार प्रोग्रॅमचा, खुर्ची हॉस्पिटलची.

आमच्या इमारतीत समुपदेशनाची ट्रेनिंग घेतलेली मी एकटीच. त्यामुळे ओपीडीतल्या सिस्टर कोणालाही माझ्याकडे पाठवतात, टीबीची औषधं सोडणारा, नवऱ्याने मारलेली बाई, औषध प्यालेला तरुण शेतकरी शुद्धीवर आल्यावर. दार लावायचं, आधी पाणी द्यायचं, नाव विचारायच्या आधी बसू द्यायचं, हे सगळं मी एचआयव्हीच्या ट्रेनिंगमध्येच शिकले आणि ते सगळ्यांना उपयोगी पडतं. पण माझ्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये फक्त टेस्ट किती, पॉझिटिव्ह किती, एएनसी (गरोदर बायका) किती. बाकीची माणसं कुठेच मोजली जात नाहीत. कोविडमध्ये आमच्या लॅब टेक्निशियनने स्वॅब घेतले, मी फोनवर रुग्णांशी बोलत होते, तेव्हा कोणी विचारलं नाही की तुम्ही कुठल्या प्रोग्रॅमच्या. आणि कंत्राट संपत आलं की मात्र आम्ही प्रोग्रॅमचे. डॉक्टर, तुम्ही पगाराचं म्हणालात ना, मी त्याच्या पुढे जाऊन म्हणेन की पद मंजूर आस्थापनेवर, म्हणजे सरकारच्या कायम पदांत, आहे का ते बघा.

पल्लवी_पब्लिकहेल्थ

बापरे, किती दिलंत सगळ्यांनी! मेघनाताई, तुमचं पोस्ट सेमिनारमध्ये नाव न घेता वापरलं तर चालेल का? आणि प्रसाददादा, 2025 ला अमेरिकेने पैसा थांबवला त्यानंतरचं काय?

प्रसाद_ब्लांटायर

मेघनाताईंनी नेमकं बोट ठेवलंय. जानेवारी 2025 ला ट्रम्पने परदेशी मदत थांबवली तेव्हा कोण घरी गेलं ते बघ. मलावीतले माझे जुने सहकारी सांगतात, आधी गेले ते टेस्टिंग असिस्टंट, डेटा क्लार्क आणि गावात जाऊन गोळ्या सोडलेल्यांना परत आणणारे, कारण ते प्रोजेक्टच्या पगारावर. मंत्रालयाच्या पगारावरची नर्स आहे तिथेच आहे, फक्त आता रजिस्टर पण तीच लिहिते. दक्षिण आफ्रिकेत पेपफारच्या पैशावर साधारण 15 हजार माणसं होती, त्यातली निम्म्याहून जास्त गेली, पण तिथलं औषध नि बहुतेक नर्स आधीपासून त्यांच्याच सरकारच्या बजेटमधून, म्हणून गोळ्या बंद पडल्या नाहीत.

तेव्हा पल्लवी, तू किती माणसं ट्रेन केली हा आकडा शोधत बसू नकोस, तो प्रत्येक डोनरच्या रिपोर्टमध्ये असतो आणि त्यात एकच नर्स चार वेळा मोजलेली असते. एकेका प्रकारच्या कर्मचाऱ्याचा पगार 2004, 2010 आणि 2025 ला कोण देत होतं असा एक तक्ता कर.

मेघना_काउन्सेलर

वापर की, खुशाल वापर. फक्त औषध प्यालेल्या मुलाचं लिहू नकोस, आमच्याकडे गाव लहान आहे.