फँटसी हॉकी: रेम्पीला घ्यावं का? सल्ला हवा

जर्सीवासी
मंडळी, ऑफिसच्या आइस हॉकी फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ, त्यांच्या आकड्यांवर आपले गुण) यंदा मलाही ओढलंय. खेळाडू निवडायचा ड्राफ्ट पुढच्या आठवड्यात. आमच्याकडे गोल-असिस्टच्या जोडीला हिट्स (अंगाने दिलेल्या धडका), ब्लॉक्स (अंगाने अडवलेले फटके) आणि पेनल्टी मिनिटंही (शिक्षा म्हणून बाहेर बसलेला वेळ) मोजतात. म्हणजे दंगा करून पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसलेल्याचेसुद्धा गुण मिळतात! मी न्यूयॉर्क रेंजर्सवाला, पण ऑफिसात निम्मे न्यू जर्सी डेव्हिल्सवाले, त्यामुळे हा विषय तिथे काढायची सोय नाही. माझ्या मनात रेंजर्सचा मॅट रेम्पी भरलाय. २०२५-२६ त्याला कसं जाईल? घ्यावा का, आणि घेतलाच तर कितव्या फेरीत? क्रिकेटवर वाढलेला माणूस आहे, जरा सोपं करून सांगा.

मावळतीचा_वारा
घेऊ नका.

क्वीन्सकर
वाऱ्यांनी दोन शब्दांत निकाल लावला. माझाही कल तिकडेच आहे, पण कारणं सांगतो.

रेम्पीची हवा झाली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. मेटलाइफ स्टेडियममधला उघड्यावरचा सामना, समोर न्यूयॉर्क आयलंडर्स, एनएचएलमधली (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग) पहिलीच शिफ्ट (बर्फावरची पाळी), आणि पक (रबरी चकती) पडल्या पडल्या त्यांच्या मॅट मार्टिनशी मारामारी. त्या सीझनला १७ सामन्यांत ७१ पेनल्टी मिनिटं आणि गोल एक. हा ७१चा आकडा सगळ्यांच्या डोक्यात घर करून बसलाय, आणि फँटसीवाले तिथेच फसतात. तसा हंगाम पुन्हा येणं अवघड आहे. मारामारीची मोठी शिक्षा (मेजर) पाच मिनिटांची, म्हणजे बारातला एक फॉरवर्ड तेवढा वेळ बाद आणि बाकीच्या अकरांची ओढाताण. चौथ्या लाइनचा (फॉरवर्डच्या तिघातिघांच्या चार तुकड्यांतल्या शेवटच्या तुकडीचा) माणूस मुळात खेळतोच थोडा. त्यातलं अर्धं तो बॉक्समध्ये काढू लागला तर कोच त्याला कशाला उतरवेल?

२०२४-२५ पाहा. ४२ सामने, ३ गोल, ५ असिस्ट. मध्ये हार्टफर्डच्या दुय्यम संघात फेऱ्या झाल्या, बंदी झाली. पण सीझनच्या उत्तरार्धात तो हॉकीही खेळताना दिसला. फोरचेकला (समोरच्यांच्या भागात घुसून पक हिसकावायला) वेळेवर पोचणं, कडेच्या बोर्डांपाशी अंग घालून पक मोकळा करणं, नेटसमोर उभं राहून गोलीची (गोलकीपरची) नजर अडवणं. साडेसहा फुटांच्या वर उंची असलेला माणूस नेटपुढे उभा राहिला की गोलीला दिसतं काय, कपाळ!

आता मुद्दा. तो जसजसा चांगला होईल तसतशी त्याची पेनल्टी मिनिटं उतरतील आणि हिट्स चढतील. रेंजर्ससाठी हे झकास. तुमच्या तक्त्यात मात्र जे घ्यायला त्याला घेतलं, तेच कमी मिळेल.

इंद्रायणी_टोरांटो
क्वीन्सकर, बंदीचं आणखी थोडं. मार्च २०२४ मध्ये डेव्हिल्सच्या सीगेनथालरला कोपर मारल्याबद्दल त्याला चार सामने बसवलं. मग डिसेंबर २०२४ मध्ये डॅलसच्या हेस्कनेनवरच्या हिटबद्दल आठ. लीगच्या नियमात शेवटच्या गुन्ह्यापासून १८ महिने तुम्ही 'रिपीट ऑफेंडर' (पुन्हा गुन्हा करणारे) राहता, म्हणजे जून २०२६ पर्यंत. अख्खा सीझन त्यातच गेला की. या काळात बंदी आली तर पगारही जास्त कापला जातो. शिवाय एवढा उंच माणूस सरळ उभा राहून हिट करायला गेला तरी त्याचं कोपर समोरच्याच्या तोंडाच्या पातळीला येतं. त्याला गुडघ्यात वाकून खेळायला शिकावंच लागेल.

जर्सीवासी, जखमी खेळाडूसाठी आयआरची वेगळी जागा असते. बंदीतल्या खेळाडूला ती मिळते का, हे तुमच्या लीगच्या नियमांत बघून ठेवा. मिळत नसेल तर तो तुमचं बेंच अडवून बसेल.

जर्सीवासी
धन्यवाद दोघांना! पण कोच बदललाय ना? त्याचा फायदा होईल की तोटा?

क्वीन्सकर
गेल्या सीझनला ८५ गुणांवर प्लेऑफ (बाद फेरी) हुकल्यावर रेंजर्सचे कोच लॅव्हिओलेट गेले, माइक सलिव्हन आले. सलिव्हननी पिट्सबर्गला २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप (एनएचएलची अजिंक्यपदं) जिंकून दिले ते वेगाच्या जोरावर. त्यांना चौथ्या लाइनकडूनही पाय हलवणारे लोक लागतात. रेम्पी त्या उंचीच्या मानाने बरा पळतो, पण सुरुवातीचे दोन स्ट्राइड (ढांगा) जड पडतात. दुसऱ्या बाजूला, रेंजर्सचा ट्रूबा डिसेंबर २०२४ मध्येच अनाहाइमला गेला, आता क्रायडरही तिकडेच. संघात अंगावर जाणारी माणसं कमी झाली, त्यामुळे रेम्पीची गरज वाढली. उन्हाळ्यात दोन वर्षांचा करार दिलाय, वर्षाला पावणेदहा लाख डॉलर. टाकून द्यायच्या माणसाला दोन वर्षं देत नाहीत.

माझा अंदाज: चौथ्या लाइनीत कॅरिक आणि एडस्ट्रॉमबरोबर बहुतेक रात्री उतरेल, अधूनमधून बाहेर बसेल. फेब्रुवारीत ऑलिंपिकसाठी लीग थांबणार, म्हणून ८२ सामने कमी दिवसांत कोंबलेत. दमलेल्यांना विश्रांती देताना चौथ्या लाइनीत अदलाबदल होणारच. साठ-पासष्ट सामने, पाच-सहा गोल, तेवढं झालं तरी मी खूश.

गोदाकाठ
तुम्ही गुण मोजा हो, मोजा. २३ वर्षांच्या पोराने डोक्यावर ठोसे खायचे आणि आपण ऑफिसात टेबल लावायचं. याच रेंजर्सचा डेरेक बूगार्ड २०११ मध्ये २८व्या वर्षी गेला. मेंदूत सीटीई (डोक्यावरच्या सततच्या माराने होणारा विकार) सापडला. मला तरी रेम्पी मारामारीला हातमोजे टाकतो तेव्हा बघवत नाही.

इंद्रायणी_टोरांटो
गोदाकाठ, पटतंय. म्हणूनच हिट्ससाठी माणूस शोधा, मारामारीसाठी नको.

आणि तो घरातच आहे: विल क्विली. रेम्पी आणि तो २०२०च्या एनएचएलच्या एकाच ड्राफ्टमधले (संघांनी केलेली नव्या खेळाडूंची निवड), क्विली दुसऱ्या फेरीत, रेम्पी सहाव्या फेरीत १६५वा. गेल्या सीझनला क्विलीचे २० गोल आणि हिट्स ३००च्या वर, तेही फारसा बॉक्समध्ये न जाता. रेंजर्सबाहेर बघणार असाल तर गेल्या सीझनला व्हँकूवरकडून खेळलेला कीफर शेरवुड: ४६२ हिट्स, एनएचएलचा विक्रम, वर १९ गोल. तुमच्या लीगला असली माणसं सोनं आहेत.

मावळतीचा_वारा
+१. क्विली सात-आठव्या फेरीत उचला. लोक नावं बघून ड्राफ्ट करतात, हिट्सचा रकाना शेवटी बघतात.

जर्सीवासी
ठरलं. आधी क्विली, जमल्यास शेरवुड. रेम्पीला ड्राफ्ट करत नाही, पण मन मानत नाहीये हो.

क्वीन्सकर
मग फ्री एजंटांत (कोणी न निवडलेल्यांत) राहू द्या, तुमच्या ऑफिसात त्याला कोण उचलतंय? ज्या आठवड्यात हिट्सची लढत अटीतटीची असेल, त्या आठवड्यात घ्या आणि नंतर सोडा. फक्त सामन्याच्या दिवशी सकाळच्या स्केटनंतर (सरावानंतर) लाइनअप बघा. चौथ्या लाइनीतला कोण बसणार ते बहुतेकदा तेव्हा कळतं.

जर्सीवासी
आणि गोलीचं काय करू? रेंजर्सचा शेस्टरकिन?

इंद्रायणी_टोरांटो
त्यासाठी नवा धागा काढा. गोलींवरून इथे हाणामारी होईल आणि तिची मिनिटं कोणी मोजणार नाही.