आईला गाडी लागते, तरी मुंबई बंदरातून दोन रात्रींच्या क्रूझला न्यावे का?

भुसावळची लेक

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये माझ्या आई-नानांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. नानांची सगळी नोकरी रेल्वेत गेल्यामुळे पासवर त्यांचा जवळजवळ सारा देश पाहून झाला आहे. समुद्र मात्र दोघांनी पाहिला तो गेटवेच्या कठड्यावरून. म्हणून या निमित्ताने त्यांना मुंबईहून सुटणाऱ्या दोन रात्रींच्या क्रूझला न्यावे, असे आम्हा भावंडांच्या मनात आहे. अडचण एवढीच, की आईला गाडी लागते. कन्नडच्या घाटात एस.टी. चढू लागली, की दुसऱ्याच वळणाला ती पिशवीतले लिंबू शोधू लागते. तिला बोटही लागेल का, आणि तसे असेल तर कोणती खोली घ्यावी? शिवाय घरात माळ आहे आणि आई एकादशी करते, तेव्हा जेवणाचे कसे होईल? भुसावळहून निघण्याचा हिशेब कसा बांधावा आणि जाहिरातीतल्या दरापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त खर्च येतो, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

केळीबाग, रावेर

ताई, आम्ही सहा जण मागच्या जानेवारीत जाऊन आलो. सगळ्यात आधी गाडीचे सांगतो, कारण आपल्या भागातून जाणाऱ्या माणसाचा घोटाळा समुद्रावर होत नाही, तो कसारा-कल्याणच्या दरम्यान होतो. जहाज बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरून सुटते आणि सीएसएमटी स्थानकापासून तो धक्का टॅक्सीने अगदी जवळ आहे, त्यामुळे रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरावे आणि दुपारी जहाजावर चढावे, असा बेत सोपा वाटतो. आम्हीही तोच केला. गाडी अडीच तास उशिरा पोहोचली, आणि आमच्या एजंटाने सांगितलेली वेळ जहाज सुटण्याची होती, आत घेणे बंद होण्याची नव्हती, हे तिथे गेल्यावर कळले. जहाजाचे काम विमानासारखेच असते. सुटण्याच्या बरेच आधी दार बंद होते. आम्ही कसेबसे पोहोचलो, पण वडिलांचा रक्तदाब त्या तासाभरात जितका वाढला तितका पुढच्या दोन दिवसांत खाली आला नाही. तेव्हा आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जावे, हा माझा आग्रह समजा.

खर्चाबाबत सांगायचे, तर जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा असतो आणि तोही एका खोलीत दोघे राहणार असे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांसाठीची ठरावीक बक्षिसी लागते. रोजचे जेवण, नाश्ता आणि पोहण्याचा तलाव दरात येतो. मद्य, मालिश, काही खास उपाहारगृहे आणि इंटरनेट यांचे पैसे निराळे. हे सारे आरक्षणापूर्वीच लेखी मागून घ्यावे.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी विभाग मोठा होता आणि जैन पद्धतीचेही पदार्थ होते. उपवासाचे मात्र आधी कळवून ठेवा. घरचे शिजवलेले अन्न सहसा आत नेऊ देत नाहीत. आमच्या मावशींनी राजगिऱ्याचे लाडू नेले होते, ते तपासणीच्या टेबलावरच राहिले, आणि त्या दुःखातून त्या अजून सावरलेल्या नाहीत.

जुना दर्यावर्दी, धुळे

मी २६ वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिनखोलीत काढली, म्हणून बोट लागण्यापुरते बोलतो. शरीराचा तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात असतो. त्याला हालचाल जाणवते, पण बंद खोलीतले डोळे सांगतात, की सारे स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही, की मळमळ सुरू होते. घाटातली वळणे आणि जहाजाचे डोलणे यांचे मूळ कारण एकच असले तरी दोन्हींचा ताल वेगळा असतो. एस.टी. झटके देते, मोठे जहाज संथ डुलते. मुंबईहून फिरणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधून झाले. त्याची लांबी सुमारे २११ मीटर आहे. एवढ्या जहाजाला डिसेंबरचा अरबी समुद्र फारसा हलवत नाही. तीच यात्रा मान्सून जवळ आलेला असताना किंवा पावसाळ्यात असती, तर मी आपल्याला थेट नको म्हटले असते.

खोलीबाबत लोक नेमकी उलटी चूक करतात. वरचा मजला आणि पुढचे टोक भारी समजून जास्त पैसे देतात, आणि डोलणे सर्वांत जास्त जाणवते ते तिथेच. लहान मुले सी-सॉवर बसतात तेव्हा टोकाचा मुलगा वर-खाली होतो आणि मधला जवळजवळ जागेवरच राहतो, तसेच हे आहे. आपण खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागा, आणि शक्य असल्यास खिडकीची. क्षितिज दिसत राहिले, की डोळे आणि कान यांचे भांडण कमी होते. बिनखिडकीची खोली स्वस्त असते हे खरे, पण आईंसाठी तिथे काटकसर करू नये. गोळी घ्यायची असेल तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालत नाहीत, म्हणून नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पोट रिकामे ठेवू नये, तसेच तुडुंबही भरू नये.

आणखी एक गोष्ट. चढल्यावर जीवरक्षक जाकिटांची कवायत होते, ती कंटाळवाणी वाटली तरी टाळू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ उलटले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची बाकी होती. जहाज निघण्याआधी किंवा निघताच ती घेण्याचा नियम त्यानंतर आला.

तापीकाठ, नंदुरबार

माझी सूचना थोडी वेगळी आहे. आपण खान्देशी माणसे बंदर म्हटले, की मुंबईकडेच पाहतो. पण आपली तापी समुद्राला मिळते ती सुरतेच्या पलीकडे, आणि तिथल्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्यांसह माणसे नेणारी फेरी सेवा नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून ९० च्या आसपास येते आणि चार-एक तास लागतात. भुसावळहून ताप्ती व्हॅली मार्गाने सुरतेला थेट गाडी आहे. क्रूझवर मोठी रक्कम घालण्याआधी आईंना एकदा या फेरीने नेऊन पाहावे, म्हणजे बोट लागते की नाही हे थोडक्या पैशांत कळेल. आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावरून वाहत जाणारे पाणी शेवटी कुठे पोहोचते हे पाहून माझ्या आईने तिथे हात जोडले होते, ही गोष्ट वेगळीच.

जुना दर्यावर्दी, धुळे

तापीकाठ भाऊ, फेरी चांगली आहे, पण चाचणी म्हणून ती योग्य नाही. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, प्रवाह जोराचे असतात आणि ती बोट क्रूझच्या जहाजापेक्षा पुष्कळ लहान आहे. तिथे त्रास झाला तर मोठ्या जहाजावरही होईलच असे नाही, पण ताई, आपल्या आई मग दुसऱ्यांदा पाण्यावर पाय ठेवणार नाहीत. नानांना हवे तर खुशाल न्या.

भुसावळची लेक

सर्वांची मनापासून आभारी आहे. आदल्या दिवशी दादरला मामांकडे मुक्काम, खालच्या मजल्यावरची मधली खिडकीची खोली आणि डिसेंबरचा दुसरा आठवडा, इतके ठरले आहे. तारीख एकादशीला टाळूनच घेतली, म्हणजे लाडूंचा प्रश्न उरला नाही. एकच विचारायचे राहिले : बंदर सोडताना नानांना डेकवर कोणत्या बाजूला उभे करावे?

जुना दर्यावर्दी, धुळे

आधी उजव्या बाजूला. कुलाब्याच्या टोकापलीकडे १८७५ चे प्राँग्ज दीपगृह दिसेल. ते मागे पडले, की डाव्या बाजूला या. अंधार पडला असला तरी खांदेरी किल्ल्यावरच्या दीपगृहाचा प्रकाश फिरताना दिसतो. ते बेट महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर तटबंदी करून ताब्यात ठेवले होते, आणि २०२५ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या वेळी आत जेवणाची घंटा होते आणि सगळे रांगेकडे धावतात. नानांना सांगा, जेवण उशिरापर्यंत मिळते.